डोंगरात घर कुठे बांधावं?

निवृत्तीनंतर मढच्या बाजूला, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसेल असं घर बांधायचा बेत अनेकांच्या मनात असतो. जागा बघायला लोक जातात ते मात्र हिवाळ्यात. तिचा स्वभाव कळतो आषाढ-श्रावणात.

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. त्याचा वरचा थर ऊन-पावसानं झिजून मुरूम-माती होते. पाऊस या मातीत मुरतो आणि खालच्या कातळाशी अडतो. साचलेलं पाणी मातीच्या कणांना आतून रेटतं, त्यांची पकड सुटते. त्यात भिजून माती जड झालेली. मग ओल्या फरशीवरच्या गोणपाटासारखा अख्खा थर घसरतो. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ ला असंच गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली.

म्हणून घळीच्या तोंडाशी घर नकोच. ती पाण्याची आणि दरडीची जुनी वाट. डोंगराची सोंड बरी, तिच्या दोन्ही अंगांनी पाणी निघून जातं. बुंध्याशी वाकलेली झाडं, उतारावर आडवी भेग, नव्यानंच फुटलेला झरा दिसला तर जागा सोडावी. सपाटीसाठी जेसीबीनं उताराचा पायथा कापणं सगळ्यात घातक, कारण वरच्या मातीचा टेकूच जातो.

ओढ्यालगतचा खोलगट भागही टाळावा. रात्री थंड, जड हवा उतारावरून येऊन तिथेच साचते. थोडं वर बांधलेलं घर जानेवारीत जास्त उबदार राहतं.