पाच तारखेची भिशी

इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर असलेल्या आमच्या मित्राला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, त्या आठवड्यात कुणाकडे पैसे मागावेच लागले नाहीत. दहावीच्या बॅचमधला जो तो विचारत होता, ‘कुठल्या नंबरवर टाकू?’ मदत उभी करणं हे केवढं काम आहे, ते त्यानंतर कळलं.

आजार होता अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. यात पहिला महिनाभर जोरदार केमो, मग काही महिने एकामागून एक सायकली आणि पुढे साधारण दोन वर्षं गोळ्या आणि तपासण्या. माणसाची कळकळ मात्र पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त असते. पतसंस्थेत कारकून असलेल्या आमच्या दुसऱ्या एका मित्राने हे आधी ओळखलं. म्हणाला, ‘एकदम पाच हजार नकोत, दरमहा दोनशे द्या. भिशी लावतो तशी लावू.’ नोकरदारांसाठी पाच तारीख ठरली. मागावरचे गडी आठवड्याच्या पगाराला पन्नास-पन्नास देऊ लागले. माझ्या मते या एका निर्णयाने सगळं तरलं.

या कारकून मित्राने वहीत दोन रकाने केले, दवाखाना आणि घर. दवाखान्याच्या रकान्याला वाटा असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात, योजनेत बसणारे उपचार रोख पैसे न भरता होतात; त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही अर्ज करता येतो. त्याला रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं एस्टिमेट आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते. खर्च करून बसल्यावर परतफेड मिळेल, या आशेवर थांबू नये. आजारी मित्राचे उपचार मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात होते. तिथे समाजसेवा विभाग आहे, कुठल्या ट्रस्टकडे कोणते कागद द्यायचे ते तिथे सांगतात. तिथेच रुग्णाच्या नावाचं स्मार्ट कार्ड असतं. त्यात भरलेल्या पैशातून तपासण्या आणि औषधांचा खर्च वळता होतो.

पैसे शक्यतो असे थेट रुग्णालयात भरावेत. देणाऱ्याला खात्री राहते. शिवाय आयकराच्या लेखी मित्र हे नातेवाईक नव्हेत. वर्षात अशांकडून मिळून पन्नास हजारांहून जास्त रक्कम कुणाच्या खात्यात आली तर ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. आणि मित्राला दिलेल्या पैशावर 80जीची सवलत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगावं.

खरी ओढाताण दुसऱ्या रकान्यात होती. परळजवळच्या खोलीचं भाडं, केमोत पांढऱ्या पेशी उतरल्यावर घरीच शिजवावं लागणारं अन्न, लोकलची गर्दी टाळायला टॅक्सी, गावाकडे दोन मुलांच्या शाळेचा खर्च, आणि माग थांबला म्हणून बुडालेला पगार. यासाठी आमच्या हाती कुठली योजना लागली नाही. अनोळखी माणूस केमोसाठी पैसे देतो, घरभाड्यासाठी द्यायला बिचकतो. म्हणून भिशीचे पैसे आम्ही या रकान्याला राखून ठेवले. एकदा मी फोनवर आतापर्यंत किती जमले ते सांगायला लागलो, तर वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, जमले ते राहू द्या. पुढच्या महिन्याचं सांगा.’

रक्ताचंही तसंच. प्लेटलेट पाचेक दिवसांपलीकडे टिकत नाहीत. सगळे एकाच दिवशी रक्तदानाला गेले तर पुढच्या आठवड्याला कोण? मुंबई-पनवेलकडच्या मित्रांच्या आम्ही पाळ्या लावल्या.

बाहेर पाठवायच्या आवाहनात आजारी मित्राचा फोटो टाकायचा का, यावर वाद झाला. केस गेलेला, सुजलेला चेहरा पाहून लोक लवकर पैसे देतात, हे खरं असेल. पण बरा होऊन त्याला त्याच गल्लीत, त्याच कारखान्यात परत जायचं होतं. त्यालाच विचारलं. तो नको म्हणाला, विषय संपला. मजकूरही त्याला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर पाठवला नाही. महिन्याचा जमाखर्च मात्र पावत्यांसह ग्रुपवर टाकला, पन्नास रुपये देणाऱ्याचं नाव पाच हजारवाल्याच्या बरोबरीने. वही उघडी होती म्हणून कुणाला संशय आला नाही आणि गळतीही कमी झाली.

तो आता गोळ्यांवर आहे. भिशी चालू आहे.

तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली, तर पहिल्या दिवशी सगळं देऊन मोकळे होऊ नका. उपचार किती महिने चालणार ते विचारा, झेपेल तेवढी रक्कम ठरवा आणि शेवटच्या महिन्यापर्यंत देत राहा.