चिमणी लेथवर, चाकं दुकानातून

ब्रिटनमधल्या छोट्या रेल्वेच्या शौकिनांत एक वेगळीच जमात आहे: तयार इंजिन विकत न घेता ते पत्र्यापासून घडवणारी. सर्वाधिक प्रचलित प्रमाण म्हणजे खऱ्या 1 फुटाला 4 मिलिमीटर. म्हणजे 5 फुटी चाक इथे अवघं 20 मिलिमीटरचं होतं.

पहिली गरज नकाशाची. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात कारखान्यांची मूळ आरेखनं जपलेली आहेत. पण जुनी इंजिनं दुरुस्तीत बदलत जात, त्यामुळे ठरावीक वर्षाचा फोटोही लागतोच.

सांगाडा सहसा पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा. (त्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त.) दोन पत्रे सोल्डरने चिकटवायचे, सोनाराच्या बारीक करवतीने एकत्रच कापायचे, एकत्रच भोकं पाडायची आणि मग तापवून सुटे करायचे. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. चाकं जोडणाऱ्या दांड्यांनाही हीच युक्ती. दांडीवरच्या भोकांतलं आणि आसांमधलं अंतर केसभर जरी चुकलं, तरी इंजिन अडखळतं.

चिमणी, घुमट लेथवर निघतात किंवा मेणाच्या नमुन्यावरून ओतलेले पितळी मिळतात. हल्ली थ्रीडी प्रिंटरही आला आहे. चाकं, मोटर आणि गिअर मात्र बहुतेक जण विकतच आणतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नवख्याने तर आधी चाकं हातात घ्यावीत, मगच पत्र्याला करवत लावावी.