भूमिजलवासी अंध कोळंबी

संधिपाद (आर्थ्रोपोडा) संघाच्या कवचधर (क्रस्टेशिया) उपसंघातील दशपाद (डेकॅपोडा) गणाच्या ॲटिइडी कुलातील गोड्या पाण्यातला एक दुर्मिळ प्राणी. शास्त्रीय नाव ट्रॉग्लिंडिकस फ्रिॲटिकस. तो महाराष्ट्रातील रत्नागिरी परिसराच्या भूमिजलात आढळला. १९७९ मध्ये संकोळी व शेणॉय यांनी त्याचे वर्णन तत्कालीन कोकण कृषी विद्यापीठाच्या मत्स्यविषयक पत्रिकेत प्रसिद्ध केले. ज्ञात प्रजातींपैकी (वंशांपैकी) कोणतीतही तो बसत नसल्यामुळे त्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती स्थापन केली. नावातील ‘ट्रॉग्ल’ हा घटक बीळ किंवा गुहा या अर्थाच्या, तर ‘फ्रिॲटिकस’ हे पद विहीर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

भूगर्भातील दशपाद प्राण्यांमध्ये उत्तर अमेरिकेतील गुहावासी क्रे-फिश विशेष प्रसिद्ध आहेत. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत असे क्रे-फिश आढळतात. भारतात मात्र क्रे-फिश मुळातच आढळत नाहीत. कोकणात भूगर्भातील जीवनाशी जुळवून घेतलेला दशपाद आहे तो कोळंबीच्या रूपात. ॲटिइडी कुलातील कोळंब्यांच्या नांग्यांच्या टोकांशी केसांचे झुबके असतात. त्यांच्या साहाय्याने त्या तळावरील सूक्ष्म अन्नकण झाडून गोळा करतात. या कुलातील अनेक जाती निरनिराळ्या खंडांत भूगर्भात शिरल्या आहेत. युरोपातील स्लोव्हेनिया-क्रोएशिया भागातील ट्रॉग्लोकॅरिस आणि मॅमथ गुहेतील पॅलिमोनिआस या प्रजाती त्यांपैकीच होत.

अनुकूलन : कायम अंधारात राहणाऱ्या जलचरांमध्ये डोळे ऱ्हास पावतात किंवा नाहीसे होतात, त्वचेतील रंगद्रव्य कमी होते आणि स्पर्श व गंध यांची ज्ञानेंद्रिये अधिक विकसित होतात. अंधारात निरुपयोगी ठरलेल्या डोळ्यांतील दोष निसर्गनिवडीने दूर होत नाहीत. शिवाय डोळे नसल्याने ऊर्जेची बचत होते. प्रकाशाअभावी भूगर्भात हिरव्या वनस्पती वाढत नाहीत. त्यामुळे वरून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर येणारे जैव पदार्थ व त्यांवर वाढणारे सूक्ष्मजीव हाच तेथील आहाराचा मुख्य आधार असतो. अन्न तुटपुंजे असल्याने अशा प्राण्यांचा चयापचय मंद असतो. वाढ सावकाश होते व अंडी थोडी पण मोठी असतात. अमेरिकेतील एका गुहावासी क्रे-फिशचे आयुष्य १७६ वर्षांपर्यंत असावे, असा अंदाज पूर्वी करण्यात आला होता. २०१२ मधील अभ्यासाने ते सुमारे २२ वर्षे ठरविले. तरीही उघड्या ओढ्यांतील बहुतेक क्रे-फिशच्या मानाने ते पुष्कळच जास्त आहे.

निवास : भूगर्भवासी जलचर सामान्यतः चुनखडकातील गुहांत आढळतात. कोकणात अशा मोठ्या गुहा नाहीत. तेथे जांभा खडकाचे सडे आहेत. जांभा सच्छिद्र असून त्यात नळीसारख्या पोकळ्या असतात. पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर साठून झरे व विहिरी यांना मिळते. विहीर ही या अदृश्य जलाशयाची खिडकीच होय. केरळातही जांभा प्रदेशातील विहिरींतून अंध मासे मिळाले आहेत. त्यांपैकी होराग्लॅनिस कृष्णाय या माशाचे वर्णन १९५० मध्ये मेनन यांनी केले.

संरक्षण : अशा प्राण्यांचा प्रसार फार मर्यादित असतो व संख्यावाढ मंद असते, म्हणून एकदा नष्ट झालेली वस्ती सहजासहजी पुन्हा उभी राहत नाही. कूपनलिकांद्वारे होणारा बेसुमार उपसा, चिऱ्यांसाठी जांभ्याचे खाणकाम, मैलापाणी व कीटकनाशके यांमुळे भूमिजलाची पातळी आणि शुद्धता या दोहोंना धोका पोहोचतो. विहिरीत टाकले जाणारे विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी आवश्यक असले, तरी त्यातील क्लोरीन कवचधर प्राण्यांना घातक असते. मॅमथ गुहेतील अंध कोळंबीची नोंद अमेरिकेने १९८३ मध्ये संकटग्रस्त जातींत केली. भूमिजलाचे प्रदूषण हे तिच्यापुढील एक प्रमुख संकट मानले गेले. भूमिजल जमिनीखाली दूरवर वाहत असल्याने केवळ एखादी विहीर राखून ही कोळंबी वाचत नाही. पाणी जेथे मुरते तो सडाही राखावा लागतो. गावाची विहीरही त्याच पाण्यावर अवलंबून असते.