डिझेल पिकअपची काजळी-गाळणी

भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हांपासून नव्या डिझेल पिकअपच्या धूरनळींत बहुधा काजळीची गाळणी असते. सांचलेली काजळी सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत जळून गाळणी मोकळी होते. बागेपासून फोंडाघाट बाजारापर्यंतच्या लहान फेरींत इतकी उष्णता येत नाहीं; घाट उतरतांनाही इंजिनावर भार नसल्यामुळें ती टिकत नाहीं. म्हणून गाळणीचा दिवा लागतांच मोकळ्या सडकेवर, दिवा विझेपर्यंत, एकसारख्या वेगानें गाडी चालवावी. वारंवार मध्येंच इंजिन बंद केल्यास गाळणी तुंबते व न जळलेलें डिझेल इंजिनाच्या तेलांत उतरतें. तापलेली गाडी वाळक्या गवतावर उभी करूं नये. आगीचें भय असतें. ऐन आंब्याच्या हंगामांत गाडी अडण्यापेक्षां हें थोडें डिझेल स्वस्त पडतें.