गोमतीत लाट का उठत नाही?

लखनौ: नवाबांच्या या शहराला नदी आहे, घाट आहेत, नदीकाठी बांधून काढलेले विस्तीर्ण पात्र आहे, परंतु लाट नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवरून निघालेल्या गोमतीच्या पाण्याला गंगेमार्गे बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचण्यासाठी हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. याचा अर्थ, दर किलोमीटरला सरासरी वीतभरही उतार तिच्या वाट्याला येत नाही. असे पाणी संथच वाहणार. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाला, म्हणजेच सर्फिंगला, लखनौत स्थान नाही ते यामुळे.

केवळ समुद्र दूर आहे एवढेच कारण असते तर जर्मनीतील म्युनिक शहरातही हा खेळ रुजला नसता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या या शहरातील आइसबाख नावाच्या कालव्यात वेगाने येणारे पाणी तळाशी असलेल्या अडथळ्यांवरून उसळते आणि एकाच जागी स्थिर राहणारी लाट तयार होते. अनेक दशकांपासून सर्फर तेथे रांग लावून आपल्या पाळीची वाट पाहत आले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कालव्याची वार्षिक साफसफाई झाली आणि ही प्रसिद्ध लाटच नाहीशी झाली. पाणी तेच, कालवाही तोच. पण तळाची ठेवण बदलल्याची शंका व्यक्त झाली. लाट घडते ती तळाच्या आकारावर, हे लक्षात घेतले की या खेळातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

नदीतील आणि समुद्रातील लाट यांत एक मूलभूत भेद आहे. आइसबाखमध्ये लाट जागच्या जागी राहते आणि पाणी पुढे जाते. समुद्रात याच्या नेमके उलट घडते. लाट पुढे सरकते, पाणी मात्र जवळपास जागीच गोल फिरत राहते. शेतातील उभ्या पिकावरून वाऱ्याची झुळूक जावी, कणसे लवावीत आणि पुन्हा सरळ व्हावीत, तसाच हा प्रकार. पुढे जाते ती ऊर्जा. ही ऊर्जा अनेकदा फार लांबून आलेली असते. भारताच्या दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. केरळात आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही समुद्र अचानक घरांत शिरतो. तेथील कोळी त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, अर्थात ‘इन्कॉइस’, अशा लाटांची पूर्वसूचना देते. मच्छीमारांसाठी दिले जाणारे लाटांचे हे अंदाज सर्फरलाही उपयोगी पडतात.

किनाऱ्याजवळ तळ उथळ होऊ लागला की लाटेचा खालचा भाग मंदावतो, वरचा भाग पुढे झेपावतो आणि लाट फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ही वेळ येते. संपूर्ण लाट एकदम कोसळली तर सर्फरला तिचा काहीच उपयोग नाही. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे उलगडत फुटली पाहिजे. खडक, प्रवाळ, नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा, यांपैकी काहीतरी तळाशी असल्याखेरीज असे सहसा घडत नाही.

कोकणच्या वाट्याला काय?

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा लाभूनही सर्फिंगच्या नकाशावर त्याचे नाव ठळक नाही. याचे एक कारण पाण्याखाली आहे. मुंबईसमोर उथळ सागरमंच सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. दक्षिणेकडे, केरळपर्यंत जाताना तो बराच अरुंद होतो. दुरून आलेल्या लाटेची ऊर्जा रुंद उथळ मंचावर तळाशी घासून खर्ची पडते. दुसरे कारण ऋतूचे. अरबी समुद्रात सर्वांत मोठ्या लाटा येतात त्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर, म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात. तेव्हा वारा किनाऱ्याकडे वाहतो, लाटा विस्कटतात, पाणी गढूळ आणि धोकादायक असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची कोळीवाड्यांची रीत आहे. ही रीत समुद्राचे वेळापत्रक जाणूनच पडली असावी. पर्यटकांची गर्दी होते त्या डिसेंबर-जानेवारीत गोव्याचा समुद्र बहुधा शांत असतो. नवशिक्यांना ते सोयीचे ठरते, मुरलेल्या सर्फरला मात्र पावसाळ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आठवडे गाठावे लागतात.

भारतात या खेळाची घडी बसली ती आणखी दक्षिणेला. कर्नाटकातील मुल्की येथे अमेरिकेतून आलेले जॅक हेबनर यांनी २००४ मध्ये आपल्या आश्रमालगत सर्फिंगचे केंद्र सुरू केले. मुंबईत वाढलेली इशिता मालवीय पत्रकारितेच्या शिक्षणासाठी मणिपालला गेली, तेथे फळीवर उभे राहायला शिकली आणि २००७ मध्ये उडुपीजवळील कोडी बेंगरे या गावी तुषार पथियान यांच्यासह तिने सर्फिंग क्लब काढला. देशातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ती ओळखली जाते. चेन्नईजवळच्या कोवलम गावातील मूर्ती मेगवन हे तर मच्छीमार कुटुंबातील. त्यांनी गावातील मुलांना शिकवण्यास प्रारंभ केला आणि त्यातून पुढे सर्फिंगची शाळा उभी राहिली. २०११ मध्ये भारतीय सर्फिंग महासंघ स्थापन झाला.

या खेळात पुढे आलेल्यांत मच्छीमारांची मुले अनेक आहेत, आणि यात नवल काहीच नाही. ओंडके बांधून केलेले ‘कट्टुमरम’ फुटत्या लाटांतून पार नेणे हे तमिळ किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे रोजचे काम होते. इंग्रजीतला ‘कॅटमरान’ हा शब्द तेथूनच गेला. लाटांचे गट कसे येतात, दोन गटांमधली उसंत किती असते, हे ज्ञान या मुलांना विकत घ्यावे लागले नाही. फळी तेवढी नवी होती.

वीस गुणांची लढत

स्पर्धेत मात्र नशिबाचा वाटा मोठा असतो. साधारण वीस ते पस्तीस मिनिटांच्या एका फेरीत स्पर्धक अनेक लाटा पकडू शकतो, पण त्यांतील सर्वोत्तम दोनच धरल्या जातात. पाच परीक्षक प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढली जाते. त्यामुळे पूर्ण गुण होतात वीस. समुद्राने त्या वेळेत चांगली लाट धाडलीच नाही तर विश्वविजेताही काही करू शकत नाही. कुस्तीचा आखाडा किंवा धावपट्टी अशी दगा देत नाही.

ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचे पदार्पण टोकियो स्पर्धेत, २०२१ मध्ये झाले. पुढील स्पर्धेचे यजमानपद २०२४ मध्ये पॅरिसकडे होते. हे शहरही लखनौप्रमाणेच नदीकाठचे, समुद्रापासून दूर. फ्रान्सने ही स्पर्धा सुमारे १५ हजार किलोमीटरवरील ताहिती बेटावर, तेआहूपोच्या लाटांवर घेतली.

भारतासाठी महत्त्वाचा क्षण ऑगस्ट २०२५ मध्ये आला. तमिळनाडूतील महाबलीपुरम येथे झालेल्या आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने खुल्या पुरुष गटात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेतील भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. जपानमधील आयची-नागोया येथील २०२६ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या कार्यक्रमात सर्फिंगचा प्रथमच समावेश झाल्याने या पदकाला विशेष अर्थ प्राप्त झाला.

पहाटेचे पाणी

पदकांचा हा झगमगाट रोज समुद्रात उतरणाऱ्याच्या आयुष्यात क्वचितच डोकावतो. पहाटे वारा पडलेला असतो आणि लाटेचा पृष्ठभाग तुकतुकीत असतो, म्हणून उजाडताच पाण्यात जायचे. तासाभरातला बहुतेक वेळ पालथे पडून हातांनी वल्हवण्यात आणि फळीवर बसून क्षितिजाकडे पाहण्यात जातो. प्रत्यक्ष लाटेवर उभे राहणे मोजक्या मिनिटांचे. उधाणाच्या दिवशी कोणता खडक झाकला जातो, भांगाच्या भरतीला वाळूचा दांडा कुठे उघडा पडतो, हे ज्याच्या त्याच्या किनाऱ्यापुरते शिकावे लागते आणि पावसाळ्यात वाळू हलली की पुन्हा नव्याने.

या पाहण्यातली एक गोष्ट सर्फरपुरती मर्यादित राहू नये. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी कुठूनतरी परत जातेच. ते एका अरुंद पट्ट्यातून समुद्राकडे वेगाने ओढले जाते. त्या पट्ट्यात पाणी तुलनेने खोल असल्याने लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधोमध शांत, किंचित गडद पाणी. सर्फर हाच पट्टा शोधतो, कारण तो त्याला विनासायास लाटांच्या पलीकडे पोहोचवतो. नवखा माणूसही नेमका तोच निवडतो, कारण तो सुरक्षित दिसतो.

उत्तर भारतातून गोव्यात आणि कोकणात येणाऱ्या असंख्य पर्यटकांची पाण्याशी पहिली ओळख नदीच्या घाटावर झालेली असते. गोमतीच्या काठी संथ पाणी हे भरवशाचे पाणी मानले तर फारसे बिघडत नाही. समुद्रावर हाच समज जिवावर बेततो. देशावरच्या माणसाचीही गत निराळी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातील १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजणे व्यर्थ असते. चांगला पोहणाराही तेथे दमून बुडतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्य झाल्यास किनाऱ्याला समांतर पोहत फेस दिसतो त्या बाजूला सरकावे. तेथे फुटणाऱ्या लाटा स्वतःच माणसाला किनाऱ्याकडे ढकलतात. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक तैनात आहेत. पोहण्यास धोक्याच्या जागी ते लाल निशाण रोवतात, आणि ते निशाण पुष्कळदा दिसायला सर्वांत शांत असलेल्या पाण्यासमोरच असते.