करुणेचा संस्कार : दानाकडून सहवासाकडे

शाळेच्या वार्षिक समारंभात गरजू विद्यार्थ्यांना गणवेश व वह्या वाटल्या जातात. नावे पुकारली जातात, एकेक मूल व्यासपीठावर येते, छायाचित्र निघते. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. तथापि पुकारलेले मूल बहुधा मान खाली घालूनच जागेवर परतते. समोर बसलेली इतर मुले हे पाहत असतात. आपल्या वर्गात काही जण देणारे आणि काही घेणारे आहेत, एवढाच धडा त्यांच्या मनावर ठसला, तर मदत पोहोचली तरी संस्कार हुकला असे म्हणावे लागेल.

दया दुरून करता येते. करुणेला मात्र जवळीक लागते. दुसऱ्याच्या कष्टांची ओळख आणि त्याच्या कर्तृत्वाविषयी आदर या दोहोंतून ती उपजते. महाराष्ट्रातील शिक्षण व समाजसेवेच्या परंपरेत याची बोलकी उदाहरणे आढळतात.

एका पंगतीतील शिक्षण

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाची कामेही मिळून करीत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. ज्या पंगतीत सर्वांचे अन्न एक, त्या पंगतीत कोणी कोणाचा उपकृत राहत नाही. समतेचा हा पाठ तेथील मुलांना रोजच्या ताटातून मिळाला.

श्रमातून ओळख

आनंदवनाची उभारणी करणारे बाबा आमटे यांनी 1967 साली चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली केली. त्याच्या कितीतरी आधीचा हा काळ होता. कुष्ठरुग्णाच्या हातचे पाणी घेण्यासही तेव्हा अनेक जण धजत नसत. अशा काळात महाविद्यालयीन तरुणांनी मे महिन्याच्या उन्हात तेथे कुदळ-फावडे हाती घेतले. ज्यांना समाजाने टाकून दिले, ती माणसे रान फोडून शेती पिकवितात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. कीव करण्याच्या तयारीने आलेल्या तरुणालाही अशा ठिकाणी आदर वाटू लागतो.

याच सुमारास, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी देशातील 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी 40,000 विद्यार्थी तीत सहभागी झाले. दोन वर्षांत 240 तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची परिचित चौकट होय. शिबिरार्थी गावकऱ्यांना शिकविण्याबरोबरच त्यांच्याकडून शिकण्यासही सिद्ध असेल, तरच ही चौकट सार्थकी लागते.

वर्गातील संधी

याकरिता दूर जाण्याचीही गरज नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. काही मुले नातलगांकडे वा हंगामी वसतिगृहात राहतात, काहींना आईवडिलांबरोबर फडावर जावे लागते. हंगाम संपून परतलेल्या मुलाचा अभ्यास बुडालेला असतो आणि मागे पडल्याची लाज त्याला वर्गापासून तोडते.

शिक्षकांनी येथे दोन गोष्टी कराव्यात. बुडालेले धडे भरून काढण्यासाठी वर्गमित्रांची जोडी लावून द्यावी. तसेच फडावरील जीवन त्या मुलाकडूनच, मात्र त्याची इच्छा असेल तर, वर्गाला समजावून घ्यावे. 'कोयता' म्हणजे तोडणी करणारे जोडपे, मुकादमाकडून घेतलेली 'उचल' कशी फिटते, मोळी कशी बांधतात, वाढे कोणाला विकतात, हे त्याच्याइतके वर्गात कोणास ठाऊक असणार? उचलीचा हिशेब फळ्यावर मांडला, तर गणिताचा तासही साधेल. काल मागे पडलेला विद्यार्थी आज माहितगार ठरेल आणि आपल्या चहातील साखरेमागे कोणाचे कष्ट आहेत, हे इतरांना उमजेल.

गणवेश व वह्या द्यावयासच हव्यात. परंतु त्या गाजावाजा न करता द्याव्यात. त्या घेणाऱ्या मुलाची मान ताठ राहिली, तर त्या शाळेत करुणेचे शिक्षण मिळते, असे खुशाल समजावे.