वसंतातील रानबदके : निरीक्षण व छायाचित्रण

हिवाळा ओसरू लागला म्हणजे उत्तर भारतातील जलाशयांवर परतीची लगबग सुरू होते. मध्य आशिया व सायबेरिया येथून आलेली रानबदके फेब्रुवारी ते एप्रिल या काळात टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे निघतात. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे त्यांच्या निरीक्षणाचे एक प्रसिद्ध स्थान होय.

परतण्याची वेळ झाली हे पक्ष्यांस मुख्यतः लांबत जाणाऱ्या दिवसावरून कळते. प्रकाशाचा काळ वाढला की त्यांच्या शरीरातील ग्रंथींचे स्राव बदलतात, भूक वाढते आणि चरबी साठू लागते. ही चरबी म्हणजेच प्रवासाचे इंधन. हा प्रवास सोपा नव्हे. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमालयाच्या प्रदेशातून जाणारे चक्रवाक सुमारे ६,८०० मीटर उंचीपर्यंत उडाल्याचे आढळले.

निरीक्षकास हा काळ विशेष अनुकूल असतो. शरद ऋतूत येणारे बरेच नर मादीसारख्याच फिकट पिसाऱ्यात असतात. वसंतापर्यंत त्यांचा रंगीत पिसारा पूर्ण होतो. तलवार बदकाच्या नराचे डोके तपकिरी, मानेवर पांढरा पट्टा व शेपटी लांब टोकदार असते. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद व नराचे डोके गडद हिरवे असते. भुवई बदकाचा नर डोळ्यावरील पांढऱ्या रेषेमुळे चटकन ओळखू येतो. अनेक जातींच्या जोड्या येथेच जुळतात आणि नर मादीच्या मागोमाग तिच्या प्रदेशात जातो.

छायाचित्रासाठी पहाटेच आडोशामागे जाऊन बसावे व सूर्य पाठीशी ठेवावा. कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ असल्यास पक्षी व त्याचे प्रतिबिंब दोन्ही नीट येतात. बदके वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर उतरतात. म्हणून वाराही पाठीशी असल्यास उतरणारा पक्षी समोरून दिसतो. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका अल्प प्रकाशनकाल योजावा. जवळ जाण्याऐवजी दूरदर्शी भिंग वापरावे.

अंतराचा हा नियम केवळ सोयीचा नाही. पक्ष्याने चरणे थांबवून मान ताठ केली, की निरीक्षक फार जवळ आला असे समजावे. त्यापुढे एक पाऊल टाकल्यास थवा उडतो. अशा प्रत्येक उड्डाणात प्रवासासाठी साठविलेली चरबी खर्च होते व चरण्याचा वेळही वाया जातो. दिवसातून अनेकदा असे घडल्यास पक्षी अपुऱ्या शिदोरीवर निघतो आणि त्याचे परिणाम दूरच्या घरट्यापर्यंत पोहोचतात.

केवलादेव हे पूर्वी संस्थानिकांचे शिकारीचे राखीव क्षेत्र होते. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले. पुढे ते संरक्षित झाले व १९८५ साली जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आले. बंदुकीची जागा आता कॅमेऱ्याने घेतली आहे. परंतु कॅमेरा पक्ष्यास निरुपद्रवी ठरतो तो धरणाऱ्याच्या संयमामुळेच. ज्या छायाचित्रातील बदक शांतपणे चरताना दिसते, ते छायाचित्र उत्तम समजावे.